हरभऱ्यातली शाळा

हरभऱ्याला घाटे धरलेत. सकाळी वावरात शिरलं की लुगड्याचा काठ ओला होतो आणि पायाच्या भेगा चुरचुरायला लागतात. हरभऱ्याच्या पानांवर रात्री जे आंबट दव बसतं त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. ती भेगेत गेली की मिरची लागल्यासारखं होतं. बाकीच्यांना या दिवसांत भाजलेल्या ओल्या घाट्यांचा हुळा आठवतो, तुरीच्या सोल्यांची भाजी आठवते, शेकोटी आठवते. मला एक हिवाळा आठवतो. मी मुद्दाम आठवत बसत नाही. पाय चुरचुरले की तो आपोआप येतो, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि एसटी बंद पडली. संप होता. त्याच्या आधी रोगानं शाळा बंद होत्या. त्या कुठं उघडत होत्या, तर आता गाडीच नाही. माझी नात वैष्णवी तेव्हा सहावीत होती. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत, पुढं कारंज्याला जावं लागतं. पोरांना अडचण नव्हती. एका मोटारसायकलवर तिघं बसायची आणि जायची. पोरींना कोण बसवणार? एक सलीमची काळीपिवळी होती. तिच्या दाराबाहेर माणसं पाय टेकवून लोंबकळत असायची. सलीम वाईट माणूस नाही. घरी येऊन माझ्या मुलाला म्हणाला, "सुभाषभाऊ, पोट्टीले समोर माह्याजवळ बसवतो, फिकर नका करू."

"समोर आधीच चार जन कोंबतं तू," सुभाष म्हणाला.

"मंग काय झालं? लेकरू हाय, लेकराले कितीक जागा लागते?"

सुभाष हसला, पण नाही म्हणाला. गाड्या सुरू झाल्या की पाठवू, असं ठरलं. असं आमच्याकडे बरंच काही ठरतं.

वैष्णवी घरी बसली. बसली म्हणजे मोबाइल घेऊन बसली. मोबाइल एकच, तोही सुभाषचा. तो वावरात गेला की मोबाइलही गेला. मग ही ओसरीवर बसून नखं खायची. सून रेखा एक दिवस मला म्हणाली, "आत्याबाई, तुमी घ्या ना हिचा अभ्यास. मी वावरात जातो, हे घरी पागल होऊन राह्यली."

"मले काय येते? मी चौथी शिकली."

"काहीबी सांगा. गोष्टी सांगा."

मला गोष्टी येत नाहीत. कधीच आल्या नाहीत. राजा-राणीचं पुढं काय झालं हे मला लेकरांइतकंच माहीत नसतं. मला कामं येतात. म्हणून मी तिला पुस्तक घेऊन चुलीजवळ बोलावलं. तिथं मी भाकरी थापत होते.

तिनं अपूर्णांकाचं पान काढलं. पानावर एक गोल होता, त्याचे चार भाग केलेले आणि तीन भाग काळे रंगवलेले.

"आजी, हे तीन छेद चार हाय. पाऊन. मले समजत नाही."

मी तव्यावरची भाकरी काढली, चार तुकडे केले आणि एक तुकडा तिच्या हातात दिला. "खाय."

"आता?"

"हाव, आता. खाय."

तिनं खाल्ला. "किती उरली?" मी विचारलं.

"तीन तुकडे."

"त्यालेच पाऊन म्हनते. पुस्तकवाल्यानं काळं कायले केलं काय माहीत. करपल्यासारखं दिसते."

ती इतकी हसली की घशात भाकरी अडकली. पाणी पाजावं लागलं. त्या दिवशी तिनं पाव, अर्धी, पाऊण, सव्वा असं करत करत भाजी नसताना दोन भाकरी संपवल्या. संध्याकाळी रेखानं विचारलं, अभ्यास केला का, तर म्हणाली, "अभ्यास नाही केला. जेवन केलं." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

मग रोजच सुरू झालं. अंगण सारवायला घेतलं की ती मध्ये दोरी ताणून चौकोन पाडायची आणि एकेक चौकोन सारवायची. परिमिती आणि क्षेत्रफळ यांत ती कायम घोळ घालायची. मी तिला वावरात नेलं आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पूर्ण फेरा मारायला लावला. ती दमून आली. म्हटलं, हे जे चालली ते तुझी परिमिती. आता आत बियाणं किती पडते ते बापाले विचार, ते क्षेत्रफळ. पुन्हा तिनं घोळ घातला नाही. इंग्रजीचं मला अक्षरही येत नाही. तिथं तीच माझी मास्तरीण झाली. पुठ्ठ्याचे तुकडे कापून तिनं घरातल्या सगळ्या वस्तूंना इंग्रजी नावं लावली. दाराला लावलं, कोठीला लावलं, खाटेला लावलं. बकरीच्या गळ्यात बांधलेलं नाव बकरीनं खाऊन टाकलं. "आता तिले कायमचं पाठ झालं," मी म्हटलं. आजही माझ्या खाटेच्या पायावर त्या पुठ्ठ्याची सुतळी आहे. पुठ्ठा गेला, सुतळी राहिली. तो शब्द काय होता ते मी विसरले.

माणसं म्हणतात, लेकरांना हसत-खेळत शिकवावं. त्यात वाईट काही नाही. आमच्या मास्तरांनी आम्हाला छडी मारून शिकवलं आणि मी चौथीनंतर सुटले तेव्हा मला शाळा सुटल्याचं दुःख झालं नव्हतं, आनंद झाला होता. पाटी मी कुठं टाकली तेही आठवत नाही. वैष्णवीला तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. तिला शिकायची गोडी राहावी. ती राहिली. पण गोडी लागली ती कशाची, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळून तरी काय केलं असतं, हेही मला आज सांगता येत नाही.

पौषातली थंडी पडली होती. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल म्हणून एक धडा होता. लिंबू, चिंच, दही असं काहीबाही लिहिलेलं. मी म्हटलं, चाल, तुले वावरातलं आम्ल दाखवतो. संध्याकाळी आम्ही जुन्या धोतराचा फडका धुऊन हरभऱ्यावर अंथरला. सकाळी दिवस उगवायच्या आत गेलो. फडका जड झाला होता. तिनं एका बाजूनं धरला, मी दुसऱ्या बाजूनं, आणि पिळला. आंबेची धार काचेच्या बाटलीत पडली. पोट दुखलं की आम्ही ती थेंब-थेंब पाण्यातून घेतो. तिनं बोट बुडवून चाटलं आणि एक डोळा मिटला.

पुस्तकात लिहिलं होतं, हळदीचा कागद करा. तो केला. त्याच्यावर साबणाचं पाणी सोडलं तर कागद लाल झाला. त्याचं मला नवल नव्हतं. माझी आई हळदीत चुना घालून कुंकू करायची, ते मी पाहिलं आहे. मग तिनं त्या लाल डागावर आंबेचा थेंब सोडला. डाग परत पिवळा झाला.

"आजी! मागं फिरला!"

हे मात्र मला माहीत नव्हतं. एवढं वय झालं, हळद हाताला लावून लावून हात पिवळे झाले, पण लाल झालेली हळद परत फिरते हे मी त्या सकाळी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही दोघींनी मिळून अख्खा कागद संपवला. लाल कर, पिवळा कर. रेखा डबा बांधत होती, ती म्हणाली, "दोघीबी लहान झाल्या." आता मी हे सांगते आहे ते कौतुकासाठी नाही. ती सकाळ चांगली होती, एवढंच. चांगल्या सकाळीचं पुढं काय होतं ते त्या सकाळीला माहीत नसतं.

घाटेअळीचं प्रकरण त्याच्यानंतरचं. किड्यांची वाढ कशी होते असा धडा होता. अंडी, अळी, कोष, पाखरू. वैष्णवीनं हरभऱ्यावरच्या दोन अळ्या वेचून बरणीत ठेवल्या, खाली माती, वर हरभऱ्याची डहाळी, तोंडाला फडका. दुसऱ्या दिवशी एकच अळी. दुसरी कुठं गेली म्हणून तिनं माती उकरली. मी सांगितलं, उकरू नको, एकीनं दुसरीला खाल्लं. ती रडवेली झाली. म्हटलं, डोळे पूस आणि लिहून घे, पुस्तकात हे नसेल. उरलेली अळी खाऊन खाऊन जाड झाली आणि एक दिवस मातीत शिरली. मातीत तिचा कोष झाला, चिकूच्या बीसारखा तपकिरी, चकचकीत. पोरगी रोज उठून आधी बरणी बघायची, मग तोंड धुवायची.

पाखरू निघालं त्या दिवशी सुभाष घरीच होता. वैष्णवीनं बरणी अंगणात नेली, फडका काढला आणि पाखरू उडवून दिलं. मळकट, धुळीच्या रंगाचं पाखरू. सुभाषनं ते बघितलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"हे काय होतं?"

"घाटेअळी, बाबा. म्या मोठी केली."

"अवं मायबाई! मी तिकडं फवारून फवारून थकून राह्यलो अन् हे पोट्टी घरात पाळून राह्यली! अन् वरून सोडून देते! ते एक पाखरू कितीक अंडे देते माहीत हाय का तुले?"

"नाही. कितीक?" वैष्णवीनं पेन काढलं आणि बापासमोर लिहायला बसली.

मग सुभाषला हसू फुटलं. तो असा हसत नाही. पोट धरून हसला. "लय," म्हणाला, "लिहून घे. लय." आणि शेजारी जाऊन सगळ्यांना सांगत सुटला की माझ्या पोरीनं घाटेअळी पाळली. त्या दिवसापासून त्याला तिच्या या शाळेचं कौतुक वाटायला लागलं. मला वाटलं, बरं झालं.

त्याच आठवड्यात तो तिला फवारणीला घेऊन गेला. गुणोत्तर आणि प्रमाण असा धडा चालू होता. एका टाकीला औषध इतकं, तर अर्ध्या टाकीला किती, तीन वावरांना किती. तिनं धुऱ्यावर बसून बरोबर सांगितलं. मी तिच्या तोंडाला फडका बांधला होता आणि सांगितलं होतं, लांबूनच सांगायचं. पहिल्या दिवशी तिनं लांबूनच सांगितलं. मग बादली धरली. मग पाणी आणून दिलं. हरभरा कापणीला आला तेव्हा ती सोंगायला बसली. रास मोजायला पायली घेतली ती तिनंच. आमच्याकडे पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तिनं मला विचारलं, "आजी, लाभ म्हंजे एक का शून्य?" मी म्हटलं, "लाभ म्हंजे लाभ. मोज पुढं." ती मोजत राहिली. पोतं शिवायला शिकली. पोत्यांचं वजन करून सरासरी काढायला शिकली. सगळं पुस्तकात होतं. तसं पाहिलं तर एकही दिवस अभ्यासाशिवाय गेला नाही. पण धडा कुठं संपतो आणि काम कुठं सुरू होतं, हे बघायला तिथं कोणी नव्हतं. मी होते, पण मला तरी ते कुठं वेगळं दिसत होतं? मी स्वतः तसंच शिकले होते, काम करत करत. फरक एवढाच की मला कोणी त्याला शिक्षण म्हटलं नव्हतं.

आता सकाळी दहाच्या सुमारास एसटी गावावरून जाते. निळ्या गणवेशातल्या पोरी खिडकीपाशी बसतात, एकमेकींच्या वेण्या ओढतात. एखादी मला हात करते. मी हात करत नाही. हातात विळा असतो.

उन्हाळा लागता लागता गाड्या सुरू झाल्या. परीक्षा झाल्या न झाल्या, सगळे वरच्या वर्गात गेले. वैष्णवीही कागदावर सातवीत गेली. तेव्हा तिच्या शाळेतल्या एक मॅडम गावात आल्या. घरोघरी जाऊन कोण येतं, कोण येत नाही ते बघत होत्या. चांगली बाई होती. उन्हातान्हाची आली होती, मी तिला ताक दिलं. वैष्णवीनं तिला सगळं दाखवलं. बरणी दाखवली, हळदीचे कागद दाखवले, अंगणातले चौकोन दाखवले. मॅडमचे डोळे मोठे झाले.

"आजी, तुम्ही तर घरातच प्रयोगशाळा केली हो! आम्ही प्रशिक्षणात जे शिकतो ते तुम्ही करून दाखवलं."

मी म्हटलं, "मॅडम, ते राहू द्या. हे शाळेत येईन याचं पाहा."

"येईल ना. यायलाच पाहिजे," असं म्हणून तिनं वैष्णवीला पायली हातात धरायला सांगितली, मला शेजारी उभं केलं आणि मोबाइलवर फोटो काढला. शाळेच्या गटात टाकला. संध्याकाळी तो फोटो फिरत फिरत सुभाषच्या मोबाइलवर आला. खाली काय काय लिहिलेलं होतं, फुलं होती, हात जोडलेले होते. सुभाषनं तो पानटपरीवर दाखवला, सोयऱ्यांना पाठवला.

मॅडम दोन गोष्टी बोलून गेली होती. घरी छान शिकते, ही एक. शाळेत यायला पाहिजे, ही दुसरी. घरात फक्त पहिली राहिली.

मृगात शाळा उघडली. सकाळची फेरी काही आमच्या गावाला आली नाही. रस्ता खणून ठेवला होता, फेरी दुपारची झाली. मी सुभाषला म्हटलं, सलीमला सांग, नाहीतर तू मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोड.

"माय, पेरनीचे दिवस हायेत. फेरी सुरू होऊ दे."

"फेरी नाही झाली तर?"

"मंग काय झालं? घरी तर शिकतेच हाय. मॅडमच म्हनून गेली, घरी चांगली शिकते. कारंज्याले जाऊन काय येगळं करनार हाय? तू हायेस ना."

"मी कोन हाय? मी चौथी शिकली."

"तुह्यावाली चौथी लोकाइच्या बारावीले भारी हाय," तो म्हणाला. आईची स्तुती केली, वाद मिटला, असं त्याला वाटलं.

मी रेखाकडे पाहिलं. तिला पोरीला पाठवायचं होतं, पण तण निंदायला एक हात कमी पडला असता, हेही तिला दिसत होतं. मग मी वैष्णवीला विचारलं. वाटलं, ती तरी हट्ट धरेल, रडेल, जेवणार नाही. लेकरांनी हट्ट धरला की सुभाष मोडतो, ते मला माहीत होतं.

ती म्हणाली, "मले नाही जायाचं."

"काहून?"

"तिथी नुसतं बसून लिहा लागते. बोललं की उभं करते. इथी मजा येते. तूच शिकव."

मीच तिला दाखवलं होतं की शिकणं असं असतं, भाकरीसारखं, तोंडात टाकता येतं. आता तिला बाकावर बसून फळ्यावरचं उतरवणं बेचव लागत होतं.

मी शिकवणं बंद केलं. ती पुस्तक घेऊन आली की मी म्हणायचे, मले नाही येत. "येते तुले, नाटक करून राह्यली," ती म्हणायची आणि माझ्या मांडीवर पुस्तक टाकून बसायची. मग मी ठरवलं, हिला कंटाळा आणायचा. आमच्या मास्तरांनी आम्हाला जे घोकायला लावलं होतं तेच काढलं, अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी. म्हटलं, सकाळपासून दुपारपर्यंत हेच म्हण, चुकलं की पहिल्यापासून. दोन दिवसांत शाळेचं नाव घेईल. दुसऱ्या दिवशी पाहते तर गल्लीतल्या चार पोरी जमवून ही टाळ्यांवर निमकी म्हणत होती, एकमेकींच्या हातावर टाळी देत, चुकेल ती बाहेर. माझ्याकडे बघून ओरडली, "आजी, ये ना खेळाले!"

मी चिडले होते आणि मला हसूही येत होतं. दोन्हीचा काही उपयोग नव्हता.

त्या पावसाळ्यात मला जेवढं येत होतं तेवढं संपलं. माणसाला आपलं संपल्याचं कळतं. सातवीच्या पुस्तकात ऋण संख्या आल्या. शून्याच्याही खाली संख्या असते म्हणे. मी विहिरीच्या पायऱ्यांवरून समजावून पाहिलं, पाणी इतकं खाली, अजून खाली. खाली-वर जमलं. मग पुस्तकात आलं की ऋणाला ऋणानं गुणलं की धन होतं. मी पायरीवर बसून राहिले. खाली उतरणाऱ्यानं कितीदा खाली उतरलं म्हणजे तो वर येतो? माझ्या वावरात, घरात, विहिरीत असं काही होत नाही. वैष्णवी वाट पाहत होती. मी म्हटलं, "हे मॅडमले विचारा लागन." ती म्हणाली, "मॅडम कुठी हाय आता?" आणि पुस्तक मिटून निंदायला गेली. त्यानंतर ती ते पुस्तक घेऊन माझ्याकडे कमी कमी आली. मी शिकवणं बंद करायला एवढी धडपडले, ते असं आपोआप बंद झालं.

शाळेनं एक-दोनदा निरोप पाठवला. फेरी मग सुरू झाली, पण तोवर वर्ष निघून गेलं होतं आणि तिच्या वर्गातल्या पोरी पुढं गेल्या होत्या. खालच्या वर्गात बसायला ती तयार नव्हती. सुभाषला मी बोलले, रागावले, चार दिवस त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. तो वाईट बाप नाही. पोरीवर त्याचा जीव आहे. तिच्यावाचून त्याचं पान हलत नाही, हीच तर अडचण आहे. कोणतं औषध, किती पाणी, कोणत्या दुकानात काय भाव, सगळं तिला पाठ. लोक म्हणतात, सुभाषला पोरगी नाही, पोरगा आहे. तो खूश होतो. मी होत नाही.

आता ती सोळाची आहे. मागच्या वर्षी काही कागद करायला ती बापाबरोबर मंगरूळपीरला गेली होती. खिडकीतल्या माणसानं विचारलं, शिक्षण किती? सुभाष सांगत होता, हुशार आहे, सगळा हिशेब करते. त्या माणसानं मान वर न करता पुन्हा विचारलं, शिक्षण किती? वैष्णवी म्हणाली, सहावी. त्यानं तेवढंच लिहिलं. हे मला सुभाषनं सांगितलं, तिनं नाही. ती घरी आली आणि बकरीला चारा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला बाहेरून दहावीला बसायचं आहे. शाळेत न जाता फॉर्म भरून परीक्षा देता येते, हे तिनं कुठूनतरी काढलं होतं. सुभाषनं एका शब्दानं अडवलं नाही. पुस्तकं त्यानंच आणून दिली, नवी कोरी. फॉर्म भरला. उन्हाळ्याच्या तोंडाशी परीक्षा आहे. मध्ये सोयरेही येऊन जातात, पोरीचं बघता का म्हणून विचारतात. दहावी होऊ द्या, असं सांगून सध्या परतवलं जातं. नापास झाली तर काय सांगतील, ते मी कोणाला विचारलं नाही.

चार वर्षांचं एकदम करायचं. शिकवायला कोणी नाही. मोबाइलवर बघते. एकजण फळ्यावर भराभर लिहितो, हिचं अर्धं उतरवून होईपर्यंत तो पुढं जातो. मागच्या पंधरवड्यात एका दुपारी ओसरीवर गणित घेऊन माझ्यापाशी आली. खूप दिवसांनी आली. मी घाटे सोलत होते. तिनं पान माझ्यासमोर धरलं. आकडे कमी, अक्षरंच जास्त, आणि अक्षरांच्या डोक्यावर बारके आकडे.

"आजी, हे कायनं दाखवशीन?"

थट्टेनं विचारलं नव्हतं. ती खरंच वाट पाहत होती. मी आजूबाजूला पाहिलं. सूप होतं, घाटे होते, पायली होती, पाण्याची बादली होती, दोरी होती. एकेक वस्तूवर नजर टाकली. त्यातलं काही त्या अक्षरांच्या जवळ जाईना.

"याच्यासाठी माह्याजवळ काही नाही," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. थोडा वेळ ती माझ्याबरोबर घाटे सोलत बसली. मग उठून विज्ञानाचं पुस्तक आणलं आणि धड्याच्या शेवटचं पान उघडून माझ्या हातात दिलं. "तू प्रश्न वाच. मी न पाहता उत्तर सांगतो. मले सवय होईन."

तेव्हापासून रोज दुपारी हे चालतं. मला मराठी वाचता येतं, बोट ठेवून, सावकाश. काही शब्द इतके लांब असतात की मध्ये श्वास घ्यावा लागतो. ती डोळे मिटून ऐकते आणि उत्तर सांगायला लागते. आधी भराभर, मग अडखळत, मग पुन्हा भराभर. पुस्तकात त्या पानावर नुसते प्रश्नच असतात, उत्तर मागच्या धड्यात कुठं आहे ते मला सापडत नाही. सांगून झालं की डोळे उघडते आणि माझ्याकडे बघते.

"बरोबर हाय?"

मला माहीत नाही. हो म्हटलं आणि ते चुकीचं असलं तर ती चूक पक्की होईल. नाही म्हटलं आणि बरोबर असलं तर आलेलं मोडून टाकेल. मी तिच्या तोंडाकडे बघते, तिला स्वतःला काय वाटतं ते तिथं दिसतं का म्हणून. ती माझ्या तोंडाकडे बघते.

मी बोट खालच्या ओळीवर नेते आणि पुढचा प्रश्न वाचते.